‘मॅडम, तुम्हीच समजावून सांगा त्याला’

या महिन्यात सदराला कॉलेजच्या पोरांच्या काळजीची पत्रं जरा जास्तच आलीत, व्हॉइस मेसेज वेगळेच, त्यातला एक तर अकरा मिनिटांचा आहे आणि त्यातली चार मिनिटं मागे मिक्सर चालू आहे. रिझल्टचे दिवस, त्यात आपलं सोलापूरचं ऊन, घरोघरी सगळ्यांचीच डोकी तापलेली. बहुतेक पत्रांची शेवटची ओळ एकच, तुम्हीच समजावून सांगा त्याला, किंवा तिला. एका कॉलेजात काउन्सेलर म्हणून बसायला लागून मला आता चौदा वर्षं झाली, आणि खरं सांगू का, समजावून सांगायचं काम मी फारच कमी वेळा केलंय. समजावणारे लोक पोरांना घरात, गल्लीत, लग्नाच्या पंगतीत ढिगाने भेटतात. माझ्याकडे मूल येतं आठवड्यातून एक तास, बाकीचा आठवडा ते तुमच्याकडे असतं, त्यामुळे माझं निम्मं काम आईवडिलांबरोबरच चालतं. दोष कुणाचा म्हणून नव्हे हो, साधा वेळेचा हिशोब आहे.

कुणी ओळखू येऊ नये म्हणून पत्रांतले बारीकसारीक तपशील बदललेत.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला, तीन मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. दिवाळीनंतर बोलणंच कमी झालं. मी रोज रात्री नऊला फोन करते, तो हो, नाही, जेवलो, बरंय, एवढंच. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, आला होता तर चार दिवस खोलीतच. लहानपणी नंदीध्वज बघायला आजोबांच्या खांद्यावर बसून जायचा, यंदा मिरवणूक आली तरी उठला नाही. मग कळलं तीन सब्जेक्ट राहिलेत. ह्यांचं म्हणणं मी लाड केले म्हणून. एका काउन्सेलर बाईंकडे नेलं, त्या तासभर त्याच्याशी बोलल्या, बाहेर आल्यावर मी विचारलं काय म्हणाला, तर म्हणे ते सांगता येणार नाही. पैसे आम्ही भरायचे, मुलगा आमचा आणि सांगायचं मात्र नाही, हा कुठला न्याय? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, राग येणारच, मला पण आला असता. पण त्या बाई बरोबर वागल्या. मुलगा १९ चा म्हणजे सज्ञान आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हे लिहिलेलंच आहे की उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायची, तो त्याचा हक्क आहे. त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र गुप्तता बाजूला ठेवून घरच्यांना सांगावं लागतं. त्यांचं चुकलं असेल तर एवढंच की हे तुम्हाला दारातच सांगायला पाहिजे होतं. मी पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून सांगते, काय घरी सांगणार, काय नाही सांगणार, म्हणजे नंतर बाहेरच्या बाकड्यावर रुसवेफुगवे होत नाहीत.

कायदा राहू द्या, व्यवहार बघा. तो आत काहीतरी बोलला आणि तेच रात्री जेवताना वडिलांच्या तोंडून त्याला ऐकू आलं, तर परत कशाला जाईल तो तिथे? मी ही चूक करून बसलेय. नोकरीला लागले त्या वर्षी एका मुलीच्या आईने डोळ्यांत पाणी आणून विचारलं म्हणून मी सांगून टाकलं की तिला कॉमर्स नको होतं. बास, एवढंच. ती मुलगी परत आली नाही, आणि पुढची दोन वर्षं जिन्यात मी दिसले की उलटी फिरायची.

मग तुम्हाला काय मिळणार? त्याच बाईंकडे तुम्ही दोघांनी स्वतःची वेगळी वेळ मागा. तो काय म्हणाला हे तिथे विचारूच नका, मी काय करू हे विचारा. माझ्याकडे पालक असे वेगळे येतात तेव्हा सगळ्यात जास्त काम होतं, कारण तेव्हा ते पोराबद्दल तक्रार करायचं थांबवून स्वतःला काय भीती वाटतेय ते बोलतात, कर्जाचे हप्ते, नातेवाईक काय म्हणतील, आपलं वय, सगळं निघतं. आणि मुलगा तयार असेल तर तिघांची बैठक घेता येते, त्यात काय सांगायचं ते आधी तोच ठरवतो. पुष्कळदा पोराला घरी सांगायचं असतंच, नुसतं तोंड उघडत नाही, मग शेजारी कुणीतरी तिसरं माणूस बसलेलं बरं असतं.

आता तो नऊचा फोन. मी पालकांना एक गृहपाठ देते, आठ दिवस आपण फोनवर काय काय विचारलं ते कॅलेंडरच्या मागे लिहून काढायचं. विजापूर रोडच्या एक ताई लिहून घेऊन आल्या होत्या, जेवलास का, काय जेवलास, अभ्यास झाला का, रिझल्ट कधी, पैसे आहेत का, लवकर झोप. सातही दिवस हेच. वाचता वाचता त्यांनाच हसू आलं, म्हणाल्या मॅडम हे तर बँकेचं केवायसी झालं. मग आम्ही ठरवलं की आठवड्यातून तीनच फोन करायचे आणि पहिली पाच मिनिटं प्रश्न विचारायचा नाही, आपल्याकडचं सांगायचं. पाणी पाचव्या दिवशी आलं आणि तेही रात्री दोन वाजता आणि आजी बादल्या घेऊन कशी पळाली, समोरच्यांनी कुत्रं आणलंय ते आपल्याच गेटवर कसं बसतं, असलं काहीही. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही, त्या वैतागून मला फोन करायच्या. तिसऱ्या आठवड्यात पोरगं आपणहून म्हणालं, आई मला झोप लागत नाही गं. त्यावर त्यांनी मोबाइल कमी बघ म्हणायचं गिळलं, नुसतं कधीपासून रे म्हणाल्या. हे गिळणं फार अवघड असतं, मला माझ्या स्वतःच्या लेकीबाबत अजून जमत नाही.

सब्जेक्ट राहिल्याचं म्हणाल तर आधी त्याच्या कॉलेजचे एटीकेटीचे, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याचे, नियम नीट बघा, वायडी, म्हणजे वर्ष वाया जाणं, खरंच लागतोय का ते विचारा, अंदाजाने वर्ष गेलं वर्ष गेलं करत बसू नका. विषय राहिले म्हणून पोरगं खचलं, की आधी झोप गेली, डोकं चालेना आणि म्हणून विषय राहिले, हे शोधणं काउन्सेलरचं काम. दोन आठवड्यांच्या वर मन सारखं उदास, आवडीच्या गोष्टीत पण रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, असं चालू असेल तर सायकिअॅट्रिस्टना दाखवायलाच पाहिजे, ते डिप्रेशन असू शकतं. दिवाळी ते आता म्हणजे तुमच्याकडे महिने झालेत ताई, थांबू नका. आणि लाडाने डिप्रेशन होत नाही हे ह्यांना सांगा, माझं नाव घेऊन सांगा हवं तर.

हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला कुणी जात असेल तर शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवा. बरोबर चिठ्ठी दिली तर तिच्यात अभ्यासाचा अ लिहू नका.

प्रश्न : काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट आणि सायकिअॅट्रिस्ट यात फरक काय? आम्हाला सगळे सारखेच वाटतात. – सात रस्ता परिसरातून

उत्तर : सायकिअॅट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, गोळ्या तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, थेरपी करतो, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती बघायची. काउन्सेलर म्हणजे आमच्यासारखे, मानसशास्त्र किंवा समुपदेशन शिकलेले, बोलून, ऐकून, वागण्यात बदल करायला मदत करून काम करतो. काउन्सेलरने गोळी लिहून दिली तर तिथून उठून या. बोर्डावर नुसतं माइंड कोच, लाइफ गुरू असलं काही असेल तर शिक्षण काय झालंय ते तोंडावर विचारा. डाळिंब घेताना आपण चार वेळा उलटंपालटं करून बघतो, इथे कसली लाज?

प्रश्न : मी लूमवर कामाला आहे, मिसेस घरी विड्या वळते. आमच्या घरात तेलुगू बोलतात, हे पत्र मित्राने लिहून दिलंय. मुलगी १८ ची, बीएस्सी पहिलं वर्ष, आमच्या घरातनं कॉलेजला जाणारी पहिलीच. प्रॅक्टिकलच्या आधी तिची छाती धडधडायला लागली, हात गार पडले, मी मरते म्हणून ओरडायला लागली. रात्री दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल. पंधरा दिवसांनी परत तसंच, परत ईसीजी, परत नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नको. मिसेसने मिरच्या मोहरी ओवाळून नजर काढली. आता ती परीक्षेलाच बसत नाही म्हणते. मोठ्या डॉक्टरची फी आपल्याला जमणार नाही. – एक वडील, पूर्वभाग, सोलापूर

उत्तर : दादा, ईसीजी काढला ते उत्तम केलं, छातीचं दुखणं आहे तर आधी हृदय बघायलाच पाहिजे. दोन्ही वेळा नॉर्मल आला म्हणजे हे पॅनिक अटॅक असण्याची शक्यता जास्त. टेन्शन घेऊ नको म्हटल्याने तो थांबत नाही, ती काही हौसेने टेन्शन घेत नव्हती. होतं असं की समोर वाघ आल्यावर शरीर जशी तयारी करतं तशी तयारी ते वाघ नसतानाच करून टाकतं. काळीज धावतं, श्वास भरभर चालतो, भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि ते बघून पोरीला वाटतं आता मी गेलेच, की भीती अजून वाढते. साधारण दहा मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग आपोआप उतरायला लागतं. तिला त्रास खरा होतो, नाटक अजिबात नसतं, पण त्याने जीव जात नाही, हे तिला शांत असताना समजावून ठेवायचं.

त्या वेळी घरात गर्दी करायची नाही. शेजारणी, आत्या, सगळ्या बाहेर. एकानेच जवळ बसायचं, आवाज खाली, आणि तिच्याबरोबर स्वतः श्वास घ्यायचा, आत घेताना चार आकडे, सोडताना सहा. तोंडावर पाणी मारणं, कांदा नाकाला लावणं, गालावर चापट्या मारणं, काही नको. नजर काढायची तर काढा, आईच्या मनाला बरं वाटतं, पण मिरच्यांचा धूर आधीच श्वास लागलेल्या पोरीच्या खोलीत नको एवढं मिसेसना सांगा.

परीक्षेला बसत नाही म्हणते तेव्हा राहू दे बाई म्हणावंसं वाटेल, कारण त्या क्षणी तिला लगेच बरं वाटतं. गंमत अशी की टाळलं की पुढच्या वेळची भीती दुप्पट होते. काउन्सेलर इथे कामाला येतो. आम्ही पायऱ्या पाडतो, आज नुसतं लॅबपर्यंत जाऊन यायचं, उद्या रिकाम्या लॅबमध्ये दहा मिनिटं बसायचं, परवा मैत्रिणीबरोबर प्रयोग, असं. घरच्यांना आम्ही सांगून ठेवतो की आज कुठली पायरी आहे, म्हणजे तुम्ही ओढत पण नाही आणि सोडून पण देत नाही. अजून एक विचारते, रागावू नका. ‘तू शिकलीस की आपलं घर वर येईल’ असं घरात किती वेळा बोललं जातं? प्रेमानेच बोलता, मला माहितीये. पण १८ वर्षांची पोर प्रॅक्टिकलला जाताना बरोबर अख्खं घर घेऊन जाते मग.

पैशाचं म्हणाल तर कॉलेजात काउन्सेलर असेल तर त्याची फी नसते, आधी तिथे विचारा. आपल्या सिव्हिलला, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, मनोविकार विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, खासगीच्या मानाने खर्च अगदीच कमी. आणि १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालाय, चोवीस तास, फुकट. त्यावर भाषा निवडता येते, तेलुगू पण आहे, त्यामुळे मिसेसनी स्वतःच फोन करावा. मुलीसाठी काय करू हे आईबापाने विचारायला पण तो नंबर चालतो, पेशंटच बोलला पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : माझ्या २० वर्षांच्या मुलाच्या फोनवर चुकून एक चॅट वाचलं. मित्राला लिहिलं होतं, मी नसलो तर सगळ्यांचं टेन्शन जाईल. मिस्टर म्हणतात विषय काढू नको, डोक्यात नसलं तरी येईल. – एक आई

उत्तर : या ताईंशी मी पत्र मिळालं त्याच दिवशी फोनवर बोलले, त्यांच्या परवानगीने इतरांसाठी छापतेय.

विचारल्याने डोक्यात येत नाही. हा गैरसमज फार पसरलाय आणि फार महागात पडतो. उलट विचारलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं, की कुणीतरी बोलायला तयार आहे. चॅट बघितलं हे खरं सांगून टाका, चुकून बघितलं, माफ कर, पण आता गप्प बसवत नाही. मग सरळ शब्दांत विचारा, बाळा, जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का? आडवळणाने ‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना’ असं विचारलं तर तो नाही म्हणणार, कारण तुम्हाला नाहीच ऐकायचंय हे त्याला कळतं. विचारून झालं की गप्प बसा. आमचा विचार केलास का, तुझ्यासाठी काय नाही केलं आम्ही, हे त्या दिवशी नको. त्याला आधीच वाटतंय की आपण ओझं आहोत, तुम्ही वर पावती देऊ नका.

हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी सायकिअॅट्रिस्ट, रात्र असेल तर सिव्हिलचा इमर्जन्सी विभाग. १४४१६ वर आधी बोललात तर तेही पुढे काय करायचं ते सांगतात. शेत असेल तर फवारणीची औषधं घरातनं हलवा, आजी आजोबांच्या गोळ्यांचा डबा कुलपात ठेवा. असा टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडा वेळ टिकतो, त्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो, इतकं ते साधं आहे.

कुणाच्या घरात प्रयत्न होऊन गेला असेल आणि पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळला जात असेल तर त्यांच्यासाठी सांगते, २०१७ च्या त्याच कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, होऊ द्या.

औषधं चालू झाली तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. चार दिवसांत काय उपयोग नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटायला लागलं म्हणून तर अजिबात बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच. या पहिल्या आठवड्यांत घरात कुणीतरी त्याच्या आसपास पाहिजे.

त्या ताईंनी विचारलं मुलाला. तो खूप वेळ रडला आणि मग म्हणाला भूक लागलीय. आता त्याची ट्रीटमेंट चालू आहे.

प्रश्न : धाकटा भाऊ २१ वर्षांचा, सोलापुरात रूम करून शिकत होता, आता गावी आणलाय. रात्र रात्र झोपत नाही, एकटाच हसतो, म्हणतो मोबाइलमधनं माझे विचार सगळ्यांना ऐकू जातात. देवऋषाकडे दोनदा नेलं. तुमच्याकडे काउन्सेलिंगला आणू का? – मंगळवेढा तालुक्यातून

उत्तर : आणू नका. आधी सायकिअॅट्रिस्ट, याच आठवड्यात, काउन्सेलिंग नंतर. असा आजार बहुतेक वेळा याच वयात डोकं वर काढतो आणि औषधाने आटोक्यात येतो, पण जितका उशीर तितकं सावरायला जड. तो म्हणतो ते खोटं आहे म्हणून वाद घालू नका आणि हो रे खरंय असंही म्हणू नका, तुला भीती वाटतेय ना, मी आहे इथे, एवढं बोला. बांधून कोंडून ठेवू नका. गांजा वगैरे काही ओढत होता का हे मित्रांना विचारून डॉक्टरांना खरं सांगा, तिथे घराण्याची अब्रू आणू नका. देवाला जाऊ नका असं मी म्हणत नाही, आपल्याकडे कुठलंच घर त्याशिवाय राहत नाही, फक्त गोळी चुकवून जाऊ नका. झोप लागायला लागली, डोकं शांत झालं की मग आणा, कॉलेज परत कसं सुरू करायचं आणि घरच्यांनी कसं वागायचं ते बघू.

प्रश्न : मी कॉलेजात प्राध्यापक आहे. मानसिक आरोग्यावर पालक मेळावा घ्यायचाय, चाळीस मिनिटं आहेत. चांगला वक्ता सुचवा.

उत्तर : सर, वक्ता नकोच. वक्ता येतो, शिवाजी महाराजांपासून सुरुवात करतो, टाळ्या पडतात, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलला फोटो मिळतो आणि पालक चहा पिऊन घरी. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना दिल्यात, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर संस्थेत किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे, आणि पालकांसाठी असे कार्यक्रम नियमित घ्यायला पाहिजेत असं त्यात आहे. ज्या सरांचा तास रिकामा त्यांना काउन्सेलर केलं, हे त्यात बसत नाही बरं का.

चाळीस मिनिटांत तुमच्याच दोन शिक्षकांना आई आणि मुलगा करा आणि तो रात्रीचा फोन करून दाखवा, एकदा नेहमीचा आणि एकदा बदललेला. लोक हसतील, मग गप्प होतील, मग प्रश्न येतील. काउन्सेलरला स्टेजवर उभं करून चेहरा दाखवा, ती कुठे बसते, कधी बसते, काय घरी सांगते काय नाही, हे तिनेच सांगावं. जाताना प्रत्येकाच्या हातात एक कागद, मराठीत, आणि तेलुगू, कन्नड, उर्दूत पण, आपल्या गावात एका भाषेवर भागत नाही. आणि कार्यक्रम सकाळी अकराला ठेवू नका, लूमवाल्याची, विडीवालीची दिवसाची मजुरी बुडते आणि मग आपण म्हणतो पालकांना काही पडलेली नाही.

प्रश्न : मी २० वर्षांची, बीकॉमबरोबर सीए करतेय. कॉलेजच्या मॅडमकडे काउन्सेलिंगला चार वेळा जाऊन आले, त्यांनी आता डॉक्टरना पण दाखवायला सांगितलंय. घरी काहीच माहीत नाही. पप्पांचं नव्या पेठेत कापडाचं दुकान आहे, ते म्हणतात डिप्रेशन बिप्रेशन श्रीमंतांचे चोचले. कसं सांगू?

उत्तर : बाळ, पहिल्या वाक्यात डिप्रेशन शब्द घालूच नकोस. तो ऐकला की पप्पा त्या शब्दाशीच भांडत बसतील. तीन महिने रात्री झोप नाही, वजन उतरलंय, पुस्तक समोर धरलं की तीच ओळ दहा वेळा वाचते, जे काय तुला होतंय ते असं सांग. दोघांना एकदम सांगायचं ओझं वाटत असेल तर आधी ज्याला सांगणं सोपं त्याला सांग, आई, काका, मामी, कुणी पण. जेवणाच्या ताटावर नको, पाहुणे असताना नको. आणि काय बोलायचं ते आधी तुझ्या मॅडमसमोर बोलून बघ, त्यांना पप्पा कर, आम्ही हे नेहमी करतो, मी आजवर बरेच कडक पप्पा झालेय.

पप्पांना दवाखान्यात नेण्याआधी मॅडमकडे पंधरा मिनिटं आण. माझ्याकडे एका मुलीचे वडील आले होते, रिक्षा चालवायचे, किल्ली हातातच, खुर्चीवर बसलेच नाहीत, म्हणाले मॅडम लवकर सांगा, स्टँडवर नंबर जाईल. मी नुसतं विचारलं, घरात सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं? तेव्हा ते बसले. म्हणाले, मला रोज रात्री तिची पावलं ऐकू यायची, तीन वाजता, साडेतीनला, गच्चीच्या जिन्यावर. विचारलं तर तिला लाजल्यासारखं होईल म्हणून मी झोपेचं सोंग घ्यायचो. हे त्यांनी बायकोला पण सांगितलेलं नव्हतं. मुलगी शेजारीच बसली होती, तिला वाटत होतं घरात कुणालाच माहीत नाही. पन्नास मिनिटं बसले ते, नंबर गेला तो गेलाच.

तुझ्या मॅडमना विचार सकाळी दुकान उघडायच्या आधीची वेळ देतील का. दुपारी बोलावलं तर दुकानदार माणूस उद्या येतो म्हणतो, आणि मग येत नाही.